'कण्ह' कोणाला म्हटले? : पालि सुत्तांतील वर्ण आणि कातडीचा रंग

वर्ण म्हणजे रंग. गोरे आर्य बाहेरून आले, त्यांनी येथील काळ्या लोकांना जिंकले आणि कातडीच्या रंगावरून समाजाची चार भागांत वाटणी केली, ही मांडणी आपल्या ओळखीची आहे. शाळेच्या पुस्तकापासून सभेच्या व्यासपीठापर्यंत ती इतक्या वेळा कानांवर पडली आहे की तिलाही पुरावा लागतो, याचे आपणांस विस्मरण झाले आहे. विशेष म्हणजे परस्परविरोधी असे दोन पक्ष तिचा सारख्याच उत्साहाने उपयोग करतात. एकाला तिच्यात आपल्या कुळाचा गौरव दिसतो, तर दुसऱ्याला आपल्यावरील अन्यायाचा इतिहास.

प्रस्तुत लेखात या मांडणीची तपासणी मुख्यतः पालि सुत्तांच्या साक्षीने करावयाची आहे. प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. वर्ण हा कातडीवर लिहिलेला असेल, तर तो निसर्गाने केलेला भेद ठरतो आणि निसर्गाने केलेला भेद माणसाला मोडता येत नाही. उलट तो माणसांच्या एका गटाने केलेला दावा असेल, तर तो खोडता येतो. जातिनिर्मूलनाची सारी शक्यता या दोहोंपैकी कोणते उत्तर खरे यावर अवलंबून आहे.

ब्राह्मणी ग्रंथांतील रंगांची उतरंड

प्रथम ब्राह्मणी ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. ऋग्वेदात 'आर्य वर्ण' आणि 'दास वर्ण' असे शब्दप्रयोग आहेत. काही ऋचांत शत्रूच्या संदर्भात काळ्या त्वचेचाही उल्लेख येतो. रंगसिद्धान्ताचा मुख्य आधार हाच. परंतु ज्या पुरुषसूक्तावर चातुर्वर्ण्य उभे केले जाते, त्यात 'वर्ण' हा शब्दच नाही आणि कोणत्याही रंगाचा उल्लेखही नाही. तेथे मुख, बाहू, मांड्या आणि पाय आहेत. म्हणजे उच्चनीचतेचे पहिले चित्र शरीराच्या अवयवांचे आहे, कातडीचे नाही.

चार वर्णांना चार रंग स्पष्टपणे दिलेले दिसतात ते महाभारताच्या शांतिपर्वात. तेथे भृगू भरद्वाजाला सांगतो की ब्राह्मणांचा रंग पांढरा, क्षत्रियांचा तांबडा, वैश्यांचा पिवळा आणि शूद्रांचा काळा. यावर भरद्वाज जी शंका घेतो ती मार्मिक आहे. रंगावरून वर्ण ओळखावयाचा, तर सर्वच वर्णांत सर्व रंगांची माणसे दिसतात, त्याचे काय? काम, क्रोध, भय, लोभ, भूक आणि श्रम सर्वांनाच सारखे; घाम, मूत्र, कफ, पित्त आणि रक्तही सर्वांच्याच देहांतून वाहते; मग वर्णांची वाटणी कशावरून? रंगसिद्धान्ताचा असा उघड प्रतिवाद खुद्द महाभारतात नोंदविलेला आहे, हे फारसे कोणी सांगत नाही.

भृगूचे उत्तर आणखी बोलके आहे. मूळात भेद नव्हता, सारे जग ब्रह्ममयच होते, असे तो प्रथम मान्य करतो. पण लगेच पुढे जे भोगी आणि क्रोधी झाले ते तांबडे क्षत्रिय, जे गाई व शेती यांवर जगले ते पिवळे वैश्य, आणि जे हिंसा व असत्य यांत रमले, शुचितेपासून ढळले, ते काळे शूद्र, अशी वाटणी करतो. कातडीचा रंग पुराव्याने टिकत नाही असे दिसताच तो रंग शूद्राच्या चारित्र्यावर फासला जातो. समोरचा शूद्र गोरा असला तरी या उत्तराप्रमाणे तो 'काळा'च राहतो. भृगूच्या तोंडून वर्णव्यवस्थेने येथे आपले खरे स्वरूप उघड केले आहे.

ही चार रंगांची उतरंड केवळ माणसांपुरती नाही. वनपर्वात नारायणाचा रंग कृतयुगात पांढरा, त्रेतात तांबडा, द्वापारात पिवळा आणि कलीत काळा होतो. वास्तुशास्त्राचे ग्रंथ घरासाठी जमीन निवडताना ब्राह्मणाला पांढरी व शूद्राला काळी माती सांगतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिऱ्यांचीही अशीच वाटणी आहे. युगे, माती आणि हिरे यांना कातडी नसते. तेव्हा हा वंशाच्या निरीक्षणातून आलेला तपशील नसून, उतरत्या दर्जाचे एक कोष्टक आहे आणि ते दिसेल त्या वस्तूवर बसविले आहे, असाच निष्कर्ष काढावा लागतो. नाट्यशास्त्रातील आहार्याभिनयाचे नियमही या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. रंगभूमीवर ब्राह्मण व क्षत्रिय गोरे आणि वैश्य व शूद्र श्यामवर्णी रंगवावेत, असे तेथे सांगितले आहे. प्रत्यक्षात जे कातडीवर दिसत असते, त्यासाठी रंगाची वाटी हाती घ्यावी लागत नाही.

तथापि याचा अर्थ ब्राह्मणी परंपरेत काळ्या कातडीचा तिरस्कार नव्हता, असा मुळीच नाही. पतंजलीने महाभाष्यात ब्राह्मणाची ओळख सांगताना गौरवर्ण आणि पिंगट केस यांचा उल्लेख केला आहे आणि बाजारात बसलेल्या उडदाच्या राशीसारख्या काळ्या माणसाला पाहून कोणी त्याला ब्राह्मण समजणार नाही, असेही म्हटले आहे. वासिष्ठ धर्मसूत्र काळ्या वर्णाची स्त्री केवळ भोगासाठी, धर्मकृत्यासाठी नव्हे, असे सांगते. या वाक्यांतील क्रौर्य झाकण्याचे कारण नाही. परंतु त्याच परंपरेतील बृहदारण्यक उपनिषद निरनिराळ्या पुत्रांच्या प्राप्तीसाठी जे विधी सांगते, त्यांत गोरा पुत्र एका वेदाचा ज्ञाता, पिंगट पुत्र दोन वेदांचा आणि श्यामवर्णी, आरक्त डोळ्यांचा पुत्र तीन वेदांचा ज्ञाता व्हावा, अशी योजना आहे. ब्राह्मण पिता काळ्या मुलासाठी विधी करतो आणि त्यालाच अधिक वेद देऊ इच्छितो! ही सर्व स्थळे एकत्र ठेवली की एवढेच दिसते : दर्जाचे कोष्टक आधीचे आणि पक्के, कातडीचा रंग सोयीप्रमाणे त्याच्या मदतीला येतो आणि गैरसोयीचा झाला की बाजूला सरतो.

पालि सुत्तांची साक्ष

आता पालि साहित्याकडे वळू. पालि 'वण्ण' हा शब्द अनेकार्थी आहे. अट्ठकथाकारांनी त्याचे छवी म्हणजे कांती, थुति म्हणजे स्तुती, कुलवग्ग म्हणजे कुळांचा वर्ग, कारण, संठान म्हणजे आकार, पमाण आणि रूपायतन असे निरनिराळे अर्थ नोंदविले आहेत. कांती आणि कुळांचा वर्ग हे दोन अर्थ त्यांनी वेगळे धरले आहेत, ही गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्राचीन भाष्यकारांना या दोहोंची गल्लत करावीशी वाटली नाही. ती आधुनिक काळात झाली. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स हे पालि अध्ययनाचे थोर प्रवर्तक; पण 1903 च्या आपल्या बौद्धकालीन भारतावरील ग्रंथात त्यांनीही सामाजिक दर्जाचा संबंध आर्यांच्या उजळ रंगाच्या अभिमानाशी जोडला. त्यांच्या काळी युरोपात वंशविचार प्रबळ होता, त्याची छाया येथे पडलेली आहे.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात ब्राह्मणांचा दावा नोंदविलेला आहे. ब्राह्मणच श्रेष्ठ वर्ण, इतर हीन. ब्राह्मणच 'सुक्क', इतर 'कण्ह'. ब्राह्मणच शुद्ध होतात. तेच ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले त्याचे औरस पुत्र, असा तो दावा आहे. भगवंतांनी त्याला दिलेले उत्तर पाहा. ब्राह्मण स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात आणि मुलांना पाजतात, मग मुखातून जन्म कसा? योन आणि कंबोज देशांत केवळ दोनच वर्ण आहेत, आर्य आणि दास. तेथे आर्याचा दास होतो आणि दासाचा आर्य. पुढे ते अग्नीचा दृष्टान्त देतात. उच्च कुळातील माणसाने चंदनाच्या काष्ठाने अग्नी पेटविला आणि चांडाळाने कुत्र्याच्या वा डुकराच्या डोणीच्या लाकडाने पेटविला, तर दोन्ही अग्नींना ज्वाला, कांती आणि प्रभा नसते काय? येथे अग्नीच्या कांतीसाठी 'वण्ण' हाच शब्द आला आहे. चांडाळाने पेटविलेल्या अग्नीलाही 'वण्ण' आहे, हे तरुण अस्सलायनाला मान्य करावे लागते.

या संपूर्ण संवादात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'सुक्क' आणि 'कण्ह' यांचा अर्थ कातडीचा रंग असता, तर सर्वांत सोपे उत्तर असे होते की काळे ब्राह्मण आणि गोरे शूद्र आम्ही रोज पाहतो. ते उत्तर भगवंत देत नाहीत आणि अस्सलायनही कोणाच्या कातडीकडे बोट दाखवीत नाही. दोघांनाही ठाऊक आहे की वाद कातडीचा नसून शुद्धतेच्या मक्तेदारीचा आहे. मधुर सुत्तात मथुरेचा राजा अवंतिपुत्त हाच दावा महाकच्चान थेरांपुढे ठेवतो, तेव्हा थेर त्याला जगातील एक 'घोष' म्हणतात. घोष म्हणजे लोकांत उठविलेली आवई. ज्याच्याजवळ धनधान्य आहे त्याची सेवा करावयास चारही वर्णांचे लोक पुढे येतात, हे ते राजाकडून वदवून घेतात.

कातडीचा अर्थ पूर्णपणे निकालात काढणारा पुरावा दीघ निकायात आहे. अंबट्ठ सुत्तात तरुण ब्राह्मण अंबट्ठ श्रमणांना उद्देशून जे अपशब्द वापरतो, त्यांत मुंडके, हलके, 'कण्ह' आणि ब्रह्म्याच्या पायांपासून जन्मलेले अशी शब्दांची माळ आहे. अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातून आलेले दोघे सांगतात की संघाचा आश्रय घेतल्यामुळे त्यांचे जातभाई त्यांची याच शब्दांत निंदा करतात : शुक्ल वर्ण सोडून तुम्ही कृष्णांच्या मेळ्यात गेलात. वासेट्ठ आणि भारद्वाज यांच्या कातडीचा रंग चीवर पांघरल्याने बदलला नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या शाक्य गौतमाच्या संघाला हे ब्राह्मण 'कण्ह' म्हणतात, त्याच गौतमाचे वर्णन सोणदंड सुत्तात चंपेचा वयोवृद्ध ब्राह्मण सोणदंड अत्यंत कांतिमान, 'ब्रह्मवण्णी' म्हणजे ब्रह्म्यासारख्या वर्णाचा, असे करतो. एकाच ब्राह्मण समाजाच्या तोंडी एकाच पुरुषाच्या कांतीची स्तुती आहे आणि त्याच्याच संघाला 'काळा' ही शिवी आहे. या दोन्ही साक्षी एकत्र ठेवल्या की 'कण्ह' हा शब्द कातडीविषयी नव्हता, ब्राह्मणी शुद्धतेच्या कुंपणाबाहेर जाणाऱ्याला दिलेला तो शेरा होता, हे निर्विवाद ठरते.

अंबट्ठाला भगवंतांनी त्याच्याच गोत्राची कथा ऐकविली. त्याचे कण्हायन गोत्र ज्या कण्हापासून निघाले, तो ओक्काक राजाच्या दिसा नावाच्या दासीचा पुत्र होता. जन्मताच तो बोलू लागला आणि त्या काळी लोक पिशाचाला 'कण्ह' म्हणत, म्हणून त्याला ते नाव मिळाले. इतरांना 'कण्ह' म्हणून हिणवणाऱ्याचे स्वतःचे गोत्रनामच 'कण्ह' निघाले. पण कथेचा पुढील भाग अधिक मोलाचा आहे. सोबतचे तरुण अंबट्ठाला दासीपुत्राचा वंशज म्हणून हिणवू लागताच भगवंत त्यांना थांबवितात आणि तो कण्ह मोठा ऋषी झाला, असे सांगतात. अहंकार मोडावयाचा, पण त्याच्या जागी दासीपुत्राची नवी निंदा उभी करावयाची नाही, ही ती दृष्टी होय.

जन्माकडून कर्माकडे

तथागतांनी 'सुक्क' आणि 'कण्ह' हे शब्द टाकून दिले नाहीत. त्यांनी त्यांचे स्थान बदलले. मज्झिम निकायातील कुक्कुरवतिक सुत्तात कर्माचे चार प्रकार सांगितले आहेत : काळे कर्म, पांढरे कर्म, काळे-पांढरे मिश्र कर्म आणि कर्मक्षयाकडे नेणारे, काळेही नव्हे व पांढरेही नव्हे असे कर्म. अग्गञ्ञ सुत्तात तर चारही वर्णांची नावे एकेक घेऊन सांगितले आहे की हत्या, चोरी आणि असत्य हे काळे धर्म चारही वर्णांत आढळतात आणि त्यांपासून विरती हे पांढरे धर्मही चारही वर्णांत आढळतात. भृगूच्या उत्तराशी याची तुलना करावी. भृगू दुराचाराचा रंग एका समूहाला कायमचा देतो. तथागत तो कोणत्याही समूहाला देत नाहीत, कृतीला देतात.

याच सुत्तात सृष्टीच्या आरंभाची कथा आहे आणि तिच्यात शारीरिक वर्णाचा विचार प्रत्यक्ष आला आहे. आरंभीचे प्राणी रसयुक्त पृथ्वी चाखू लागले, त्यांचे देह जड झाले आणि त्यांच्या कांतीत भेद दिसू लागला. जे सुंदर होते ते कुरूपांना तुच्छ लेखू लागले. या वर्णाभिमानामुळे ती रसपृथ्वी लुप्त झाली. ब्राह्मणी कथेत वर्णभेद हा सृष्टीच्या रचनेचा पाया आहे. बौद्ध कथेत वर्णाचा गर्व हे सृष्टीच्या ऱ्हासाचे एक आदिकारण आहे. दोन परंपरांमधील अंतर याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त यापुढचे पाऊल टाकते. गवत, वृक्ष, कीटक, पशू, मासे आणि पक्षी यांच्यात जातीजातींच्या निरनिराळ्या खुणा आहेत. माणसांत केस, मस्तक, कान, डोळे, हात, पाय, वर्ण वा स्वर यांपैकी कशातही तशी जातिदर्शक खूण नाही. या यादीत 'वण्ण' हा शब्द नेमका कांतीच्या अर्थाने आला आहे. कांतीत फरक नसतो असे येथे म्हटलेले नाही. तो फरक माणसांच्या निरनिराळ्या जाती ठरविण्यास समर्थ नाही, असे म्हटले आहे. आधुनिक जीवशास्त्रालाही या विधानात बदल करण्याचे कारण पडणार नाही.

आणि सोणदंड सुत्त तर या विषयावरील एक परीक्षाच आहे. खरा ब्राह्मण कोणत्या गुणांनी ठरतो, असे भगवंत विचारतात. सोणदंड पाच गुण सांगतो : दोन्हीकडून शुद्ध जन्म, मंत्रांचे ज्ञान, सुंदर वर्ण, शील आणि प्रज्ञा. यांतील एक वगळला तर चालेल काय? चालेल, वर्ण वगळावा, असे सोणदंड स्वतःच म्हणतो. मग मंत्र वगळले जातात आणि शेवटी जन्मही. भोवतालचे ब्राह्मण हादरतात आणि आक्षेप घेतात ते जन्म वगळला गेल्यावर. वर्णाचे नाव यादीतून निघाले, तेव्हा कोणी आवाज काढला नव्हता. ब्राह्मण्याचा प्राण कोठे आहे, हे त्या सभेने नकळत सांगून टाकले. तो कातडीत नव्हता, जन्मात होता. सोणदंड मग आपला रूपवान, मंत्रज्ञ आणि कुलीन भाचा अंगक याच्याकडे बोट दाखवून विचारतो : हा हत्या करील, चोरी करील, मद्य पिईल, तर वर्ण, मंत्र आणि जन्म काय करणार?

पालि परंपरेपुढील अडचण

येथपर्यंतचे विवेचन बौद्ध वाचकाला सुखावणारे आहे. परंतु चिकित्सा आपल्या ग्रंथांपाशी येऊन थांबली, तर ती चिकित्सा नव्हे. पालि सुत्तांतही अशी स्थळे आहेत की ज्यांच्यापाशी आपण अडखळले पाहिजे. महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत सुवर्णासारखी कांती हे एक लक्षण आहे. चूळकम्मविभंग सुत्तात रागीट माणूस पुढील जन्मी 'दुब्बण्ण' होतो, असे म्हटले आहे. अंगुत्तर निकायातील छळभिजाति सुत्तात पूरण कस्सपाने केलेली माणसांची सहा रंगांतील वर्गवारी भगवंत नाकारतात; तिची मांडणी त्या त्या लोकांना न विचारता त्यांच्यावर लादलेली आहे, असे ते म्हणतात. पण त्याच सुत्तात चांडाळ, निषाद, वेण, रथकार आणि पुक्कुस या कुळांतील जन्माला 'कण्ह अभिजाति' म्हटले आहे आणि अशा माणसाचे वर्णन 'दुब्बण्ण', कुरूप आणि ठेंगणा असे केले आहे.

या स्थळांचे समर्थन करण्याचा खटाटोप मी करणार नाही. दारिद्र्य आणि हीन मानलेले कुळ यांच्याशी कुरूपतेची सांगड घालणारी ही भाषा त्या समाजाची भाषा आहे आणि सुत्तांच्या संकलकांनी ती जशीच्या तशी उचलली आहे. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दैन्य समजावून सांगणाऱ्या विचाराची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कठोर चिकित्सा केली. असा सिद्धान्त दीनांच्या अवस्थेची जबाबदारी राज्य आणि समाज यांच्या खांद्यांवरून उतरवितो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. कर्माने मिळालेल्या रंगाच्या कल्पनेलाही तो आक्षेप तितकाच लागू आहे.

पण ग्रंथाची साक्ष पुरतेपणी घेतली पाहिजे. छळभिजाति सुत्ताचा निष्कर्ष असा की काळ्या म्हटलेल्या जन्मात आलेला माणूस पांढरे धर्म निर्माण करतो आणि जे काळेही नाही व पांढरेही नाही, त्या निर्वाणापर्यंत पोहोचतो. जन्माचा रंग त्याला अडवीत नाही. संयुत्त निकायात लकुंटक भद्दिय थेरांची कथा आहे. त्यांच्यासाठी वापरलेले शब्द तेच तीन आहेत : दुब्बण्ण, कुरूप, ठेंगणे. भिक्षू त्यांना तुच्छ लेखत. भगवंत त्यांना दुरून येताना पाहतात आणि भिक्षूंना सांगतात की हा भिक्षू महाप्रभावी आहे, ज्यासाठी माणसे घर सोडतात ते ध्येय याने याच जन्मी गाठले आहे. शरीर हे थोरवीचे माप नव्हे. ज्या शब्दांनी समाज हीनत्व दाखवितो, तेच शब्द एका अर्हताला लावून सुत्ताने त्यांतील विष काढून घेतले आहे. एका सुत्ताची अशी कसोटी दुसऱ्या सुत्ताने घेणे, हीच ग्रंथवाचनाची बौद्ध रीत होय.

वंशसिद्धान्त आणि बाबासाहेब

वर्णाचा अर्थ कातडी असा रूढ झाला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. युरोपीय पंडितांनी वेदांतील काही शब्दांना वंशवाचक अर्थ दिले. ऋग्वेदातील 'अनास' हा एक शब्द. त्याची फोड 'अ-नास' केली की नकटा शत्रू तयार होतो. सायणाचार्यांप्रमाणे 'अन्-आस' केली की मुखहीन, म्हणजे वाणी नसलेला. पुढे 1901 च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मोजमापे घेऊन जातींची उतरंड नाकाच्या रुंदीवर बसविण्याचा प्रयत्न केला. टिळकांनी 1903 साली आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ नेले आणि त्यात अभिमान मानला.

महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त हाच आर्य आक्रमणाचा सिद्धान्त हाती घेऊन तो उलटा फिरविला. तुम्ही बाहेरून आलात हा तुमचा गौरव असेल, तर तीच तुमच्या अन्यायाची कबुली आहे, असा त्यांचा आशय. त्या काळात उपलब्ध असलेल्या शस्त्राचा तो धाडसी उपयोग होता आणि त्याचे ऐतिहासिक मोल कमी होत नाही.

बाबासाहेबांनी मात्र वेगळा मार्ग धरला. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा त्यांचा 1946 चा ग्रंथ महात्मा फुले यांनाच अर्पण केलेला आहे आणि त्याच ग्रंथात त्यांनी आर्य वंशाच्या सिद्धान्ताचे खंडन केले आहे. ऋग्वेदातील 'वर्ण' शब्दाची स्थळे त्यांनी तपासली, 'अनास'च्या दोन्ही फोडी वाचकांसमोर ठेवल्या, श्यामवर्णी कण्व ऋषीचा दाखला दिला, आणि अश्विनांनी काळ्या श्यावाला उजळ रुशती मिळवून दिल्याच्या ऋचेकडे लक्ष वेधले. ज्याला ग्रंथ अर्पण करावयाचा, त्याच्याशीही पुराव्याच्या आधारे मतभेद ठेवावयाचा, हा आदर्श आपण नीट समजून घेतला पाहिजे. 1948 च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात त्यांनी गो. स. घुर्ये यांनी दिलेली नाकांची मोजमापे वापरून दाखविले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना निरनिराळ्या वंशांचे ठरविता येत नाही. जातीचे मूळ ते 1916 च्या आपल्या पहिल्या निबंधापासूनच अन्यत्र शोधीत होते : आधी मिसळलेल्या लोकसमूहावर लादलेल्या अंतर्विवाहाच्या बंधनात.

आजची आनुवंशिकता काय सांगते? 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनानुसार भारतातील निरनिराळ्या लोकसमूहांचे मिश्रण सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात व्यापक प्रमाणावर झाले आणि त्यानंतर अंतर्विवाहाने ते थांबत गेले. 2019 च्या संशोधनाने मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात लोक येथे आले, यालाही पुष्टी दिली. तेव्हा स्थलांतरे झालीच नाहीत, असे म्हणता येत नाही. बाबासाहेबांनी आर्यांच्या आगमनासंबंधी काढलेल्या निष्कर्षाची या नव्या साधनांच्या प्रकाशात फेरतपासणी करावी लागेल. ग्रंथप्रामाण्य नाकारणाऱ्या महापुरुषाच्या ग्रंथाला आपण नवे प्रामाण्य चिकटवू नये. परंतु त्यांचा मध्यवर्ती सिद्धान्त या संशोधनाने अधिक दृढ झाला आहे : आधी मिश्रण, मग भिंती. रक्ताचे प्रमाण जातीजातींत कमीअधिक असेल, पण ते मिश्रण ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत सर्वांत आहे. भिंत रक्ताने बांधली नाही, विवाहाच्या नियमाने बांधली.

म्हणून काळा मूलनिवासी विरुद्ध गोरा आर्य, ही घोषणा आकर्षक असली तरी ती आपली नव्हे. तिच्यात भृगूचे कोष्टकच कायम राहते. फक्त त्याची टोके बदलतात. जन्म आणि कातडी यांवरून माणूस ओळखण्याची पद्धत शत्रूची होती. ती उलटी करून वापरली तरी ती त्याचीच राहते. शिवाय व्यवहारातही ती फसते. गोऱ्या कातडीचा अस्पृश्य गोरा होता म्हणून पाणवठ्यावर त्याला कोणी पाणी भरू दिले नाही, आणि काळ्या कातडीच्या ब्राह्मणाला काळा होता म्हणून गाभाऱ्याबाहेर कोणी उभे केले नाही.

आपल्या घरातील 'वर्ण'

हा विषय ग्रंथांपुरता राहिला असता, तर तो पंडितांवर सोपविता आला असता. पण हिंदू समाज विठ्ठलाला आणि कृष्णाला सावळे म्हणून भजतो आणि घरात येणारी सून मात्र गोरी मागतो. देवाला सावळेपण शोभते, कारण देवाचे स्थान आधीच ठरलेले असते. मुलीला ते शोभत नाही, कारण तिचे स्थान तिच्या कातडीवरून ठरवावयाचे असते. येथेही दर्जा आधी आणि रंग मागाहून, हाच न्याय आहे.

आणि आपण? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील चित्रकारांनी राजप्रासादांत काळ्या, सावळ्या आणि उजळ कांतीच्या स्त्रीपुरुषांना सारख्याच प्रेमाने रंगविले; श्यामल राजकन्येचे तेथील चित्र सर्वपरिचित आहे. तो वारसा आपला आहे, असे आपण सांगतो. पण आपल्या वधू-वर मेळाव्यांच्या परिचयपत्रांकडे पाहावे. नाव, शिक्षण आणि नोकरी यांच्याबरोबर तेथे एक रकाना असतो, आणि त्याचे नावच 'वर्ण' असे असते. त्याच्यापुढे गोरा, गव्हाळ, सावळा असे काहीतरी लिहिलेले असते. मुलीच्या पत्रात तो रकाना सर्वांत आधी वाचला जातो, आणि जेथे 'सावळा' लिहिलेले असते, तेथे पुष्कळदा पुढील वाचन थांबते. चातुर्वर्ण्य नाकारून धम्मदीक्षा घेतलेल्या समाजाने 'वर्ण' हा शब्द पोटजातीच्या शेजारी आपल्या हाताने जपून ठेवावा, याला काय म्हणावे? ज्या मुलींच्या शिक्षणासाठी एका पिढीने उपास काढले, त्यांची परीक्षा अखेर कातडीवर व्हावी, ही धम्माची रीत नव्हे.

शील आणि प्रज्ञा यांतील एकही गुण वगळता येणार नाही, असे सोणदंडाने अखेर भगवंतांपुढे मान्य केले. तो ब्राह्मण होता, वृद्ध होता आणि आपल्या मानमरातबाला जपणारा होता. तरीही पाच गुणांपैकी वर्ण हा गुण त्याने कोणताही आढावेढा न घेता पहिल्या फेरीतच वगळला. जन्म वगळण्याचे कठीण काम आपल्या समाजाने 1956 साली केले. परिचयपत्रावरील एक रकाना वगळणे त्यामानाने सोपे आहे. विहारांच्या समित्यांनी आणि मेळाव्यांच्या आयोजकांनी ते पुढील पत्र छापण्यापूर्वीच करावे.